दोन लाख लिटर पाणी कुठं सांडलं? (व्हीएस कोडमध्ये डिबगर बसवताना)

सुरुवातीलाच एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आमच्याकडे पी.टी.च्या तासासारखा होता, म्हणजे असायचा पण कुणी मनावर घ्यायचं नाही. त्यामुळे या लेखात शुद्धलेखनाचे काही बग राहिले असतील, तर ते आपल्या संपादक मंडळानं डिबग करावेत ही विनंती!

विषय आहे व्हीएस कोड या एडिटरमध्ये सी भाषेसाठी डिबगर एक्स्टेन्शन बसवण्याचा. 'यात काय लेख लिहायचा? एक्स्टेन्शन शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, संपलं!' असं मलाही वाटायचं. पण आमच्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर मी सहज विचारलं तेव्हा कळलं, की जवळजवळ सगळ्यांच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड आहे, एक्स्टेन्शनही आहे, आणि डिबगर मात्र कुणाचाच चालत नाही. एफ-५ दाबलं की काहीतरी लाल अक्षरात येतं, आपण ती खिडकी बंद करतो आणि पुन्हा प्रिंटएफ लिहायला लागतो. मीही तेच करत होते. एका सादरीकरणात माझी फजिती झाली तोपर्यंत!

फजितीची गोष्ट

मी मूळची लातूरची, शिकायला नांदेडला. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. इथल्या मैत्रिणींना मी सांगते की आमच्या गावाला एके वर्षी रेल्वेनं पाणी आलं होतं, तर त्यांना ती गंमत वाटते. गंमत नव्हती ती. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. शेवटी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून पाण्याची रेल्वे सुटली. 'जलदूत' तिचं नाव. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूरला पोचली, तिला १० डबे होते. नंतर ५० डब्यांची गाडी येऊ लागली. एका डब्यात साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर पाणी!

मी तेव्हा शाळेत होते. आजी दारात टँकर आला की भरलेल्या प्रत्येक घागरीमागे भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची. रात्री रेघा मोजायची आणि मगच उद्या धुणं करायचं की नाही ते ठरवायची.

तर मिनी-प्रोजेक्टसाठी मी हाच विषय घेतला. प्रश्न सोपा: एका खेपेचं पाणी शहरात सारखं वाटलं तर माणशी किती लिटर येतं? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. (प्रत्यक्षात वाटप टँकरनं आणि पाळीपाळीनं व्हायचं, ही नुसती सरासरी.) सी मध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर आलं, माणशी ६.०० लिटर. दोन दशांश स्थळं, एकदम नीटनेटकं! स्लाइड केली, छान निळा रंग दिला.

सादरीकरणात सरांनी खडू घेतला, फळ्यावर ६ गुणिले ३,८३,००० केलं. आलं २२,९८,०००. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी आलं पंचवीस लाख लिटर, तू वाटलंस तेवीस लाखाच्या आत. बाकीचे दोन लाख दोन हजार लिटर कुठं सांडले?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. दोन लाख लिटर म्हणजे रेल्वेचे चार डबे. ज्या गावात घागरीच्या रेघा मोजल्या जात होत्या, त्या गावच्या मुलीनं चार डबे पाणी हिशोबातच हरवलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं.

त्या रात्री मी ठरवलं, आता डिबगर बसवायचाच.

आधी थोडं: बग म्हणजे काय, आणि आपण का अडकतो?

बग म्हणजे किडा हे सगळ्यांना माहीत आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला आणि ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे आवर्जून सांगायच्या. पण 'बग' हा शब्द यंत्रातल्या दोषासाठी त्याच्याही आधीपासून वापरात होता, एडिसनच्या काळापासून. त्यामुळे 'शब्द तिथूनच आला' असं व्हायवाला सांगू नका, मार्क जातील!

आता आपण का अडकतो ते बघू. आपल्यापैकी बऱ्याच जणांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख झाली ती टर्बो सी++ च्या निळ्या खिडकीत. १९९० साली आलेलं हे सॉफ्टवेअर. त्यात एडिटर, कंपायलर आणि डिबगर असं सगळं एकाच घरात राहायचं. कंट्रोल-एफ-९ दाबा, प्रोग्रॅम चालला. (त्यातही डिबगर होता बरं का! एफ-७ आणि एफ-८ दाबून एकेक ओळ चालवता यायची. पण आपण कंट्रोल-एफ-९ आणि आल्ट-एफ-५ यापलीकडे कधी गेलोच नाही.)

व्हीएस कोडचं तसं नाही. तो फक्त एडिटर आहे, म्हणजे वही. त्याला सी येत नाही. सी चं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो जीसीसी हा कंपायलर. चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात बघतो जीडीबी हा डिबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला, म्हणजे आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा. आणि आपण जे एक्स्टेन्शन टाकतो ते यापैकी काहीच नाही!

मग एक्स्टेन्शन काय करतं? ते दुभाष्याचं काम करतं. आजीबरोबर मी बँकेत जाते तेव्हा फॉर्म इंग्रजीत असतो, आजीला इंग्रजी येत नाही, काउंटरवरच्या साहेबांना घाई असते. मी मध्ये उभी राहून याचं त्याला आणि त्याचं याला सांगते. पण साहेबच जागेवर नसतील तर मी एकटी काय करणार? तसंच हे. तुम्ही व्हीएस कोडमध्ये एफ-१० दाबलं की एक्स्टेन्शन ते जीडीबीला त्याच्या भाषेत सांगतं, आणि जीडीबीचं उत्तर आणून तुम्हाला खिडकीत दाखवतं. जीडीबीच मशीनवर नसेल तर दुभाषी नुसता उभा! निम्म्याहून जास्त लाल अक्षरांचं मूळ हेच असतं.

चला, बसवूया

(कमांड आणि नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची. पायऱ्या विंडोजसाठी आहेत.)

पायरी १. व्हीएस कोड टाका. निळ्या चिन्हाचा. जांभळ्या चिन्हाचा 'व्हिज्युअल स्टुडिओ' हा वेगळा आणि खूप मोठा प्राणी आहे, त्याची इथं गरज नाही.

पायरी २. कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबून एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि 'सी/सी++' शोधा. त्याच्यासारखी नावं असलेली बरीच दिसतील. प्रकाशक 'मायक्रोसॉफ्ट' लिहिलेलंच घ्या.

पायरी३. आता खरा पाहुणा. एमसिस-२ हे सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरून घेऊन सी ड्राइव्हवर, आहे त्याच जागी बसू द्या. त्याचं 'यूसीआरटी-६४' नावाचं टर्मिनल उघडा. (स्टार्ट मेनूत सारखी दिसणारी बरीच टर्मिनल येतात, नाव वाचून उघडा.) त्यात पॅकमॅन कमांडनं टूलचेन मागवायची. पूर्ण कमांड व्हीएस कोडच्या मदत-पानांवर 'मिंगडब्ल्यू' या प्रकरणात तयार मिळते, तिथून कॉपी करा, हातानं टाइप करत बसू नका. या टूलचेनमध्ये जीसीसी आणि जीडीबी दोन्ही येतात. डाउनलोड शेकडो एमबीचं आहे, तेव्हा दिवसाचा डेटा शिल्लक असलेला मित्र आधी शोधून ठेवा!

पायरी ४. विंडोजला या मंडळींचा पत्ता सांगा. सेटिंगमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' शोधा, त्यात 'पाथ' निवडा, आणि नवी नोंद करा: सी ड्राइव्ह, एमसिस-६४, यूसीआरटी-६४, बिन, या क्रमानं असलेलं फोल्डर. मग व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडा. हे विसरलात तर सगळं बरोबर असूनही चालणार नाही, कारण उघड्या खिडकीला जुनाच पत्ता माहीत असतो.

पायरी ५. खात्री करा. नवीन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जीसीसी' आणि पुढे 'व्हर्जन' विचारा, मग 'जीडीबी'लाही तेच विचारा. दोघांनीही आपापला नंबर सांगितला पाहिजे. दोघांपैकी एक जरी 'ओळखत नाही' म्हणाला, तर पुढे जाऊ नका. पायरी ४ परत बघा.

पायरी ६. व्हीएस कोडमध्ये सुटी फाइल उघडू नका, 'ओपन फोल्डर'नं पूर्ण फोल्डर उघडा. फोल्डरच्या आणि फाइलच्या नावात स्पेस नको, मराठी अक्षरंही नकोत. माझ्या फोल्डरचं नाव मी हौसेनं मराठीत ठेवलं होतं, त्यात एक संध्याकाळ गेली.

पायरी ७. उजव्या कोपऱ्यातल्या प्ले बटणाशेजारचा बाण दाबा आणि 'डिबग सी/सी++ फाइल' निवडा. पहिल्यांदा विचारेल कोणता कंपायलर, तेव्हा यूसीआरटी-६४ मधला जीसीसी निवडा. एवढं झालं की 'डॉट-व्हीएसकोड' नावाच्या फोल्डरमध्ये 'टास्क्स डॉट जेसन' ही फाइल तयार होते. शेजारच्या गिअरच्या चिन्हानं 'लाँच डॉट जेसन' ही दुसरी फाइलही करता येते.

या दोन फाइलींना घाबरू नका. पहिलीत लिहिलेलं असतं 'प्रोग्रॅम कसा बनवायचा', दुसरीत 'बनवल्यावर कसा तपासायचा'. त्यात तीनच गोष्टी लक्षात ठेवा.

एक, पहिल्या फाइलीत 'वजा-जी' हा पर्याय असलाच पाहिजे. तो असेल तर कंपायलर प्रोग्रॅममध्ये ओळींचे नंबर आणि व्हेरिएबलची नावं सोडून जातो. नसेल तर जीडीबीला मशीनचा आकडेमोडीचा ढीग दिसतो, तुमची ओळ कुठली ते कळत नाही.

दोन, दुसऱ्या फाइलीत 'प्री-लाँच-टास्क' म्हणून जे नाव आहे ते पहिल्या फाइलीतल्या 'लेबल'शी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एका स्पेसचाही फरक चालत नाही.

तीन, 'एमआय-डिबगर-पाथ' मध्ये जीडीबीचा खरा पत्ता पाहिजे. मित्राची फाइल कॉपी केली की हमखास इथंच गोची होते, कारण पत्ता त्याच्या लॅपटॉपचा असतो.

लॅबमध्ये उबुंटू असेल तर काम आणखी सोपं. 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'जीडीबी' ही दोन पॅकेजेस 'ॲप्ट'नं टाकली की पायरी ३ आणि ४ ची कटकटच नाही.

आता पाणी शोधूया

माझा प्रोग्रॅम शब्दांत असा होता:

पहिली ओळ: पूर्णांक व्हेरिएबल. डबे = ५०, प्रत्येकी = ५००००, माणसं = ३८३०००, एकूण = ०. शिवाय 'वाटा' हा फ्लोट.
दुसरी ओळ: फॉर लूप. 'आय' १ पासून सुरू, आय < डबे असेपर्यंत, दर वेळी एकनं वाढ. लूपच्या आत: एकूण = एकूण + प्रत्येकी.
तिसरी ओळ: वाटा = एकूण / माणसं.
चौथी ओळ: वाटा दोन दशांश स्थळांपर्यंत छापा.

पुढे वाचण्याआधी अर्धा मिनिट थांबा. चूक दिसते का? किती दिसतात?

मी तिसऱ्या ओळीवर कर्सर नेऊन एफ-९ दाबलं. ओळीच्या डावीकडे लाल ठिपका आला. यालाच ब्रेकपॉइंट म्हणतात. म्हणजे 'गाडी इथं थांबवा' असा सिग्नल. (लॅपटॉपवर एफ-९ दाबल्यावर आवाज कमीजास्त होत असेल तर सोबत 'एफएन' दाबा.) मग एफ-५. प्रोग्रॅम सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीवर येऊन थांबला, ओळ पिवळी झाली.

इथं एक लक्षात ठेवा, कारण इथं सगळे फसतात. पिवळी ओळ अजून झालेली नाही, ती आता व्हायची आहे. त्यामुळे त्या क्षणी 'वाटा' मध्ये काहीतरी कचरा आकडा दिसतो. तो बग नव्हे.

डाव्या बाजूला 'व्हेरिएबल्स' च्या चौकटीत बघितलं. एकूण = २४५००००.

साडेचोवीस लाख! पंचवीस पाहिजे होते. म्हणजे एक डबा कमी. लूप एकपासून सुरू करून 'पन्नासपेक्षा लहान' असेपर्यंत चालवला, तर फेऱ्या होतात ४९. एक अख्खा डबा मी मिरजेलाच सोडून आले होते.

चिन्ह बदलून 'लहान किंवा समान' केलं. शिफ्ट-एफ-५ नं थांबवून पुन्हा एफ-५. या वेळी एकूण = २५०००००. वा! आनंदानं पूर्ण प्रोग्रॅम चालवला. उत्तर: ६.०० लिटर.

तेच उत्तर!

मैत्रिणींनो, या क्षणासाठीच हा सगळा लेख लिहिला आहे. माझ्याकडे डिबगर नसता तर मी काय केलं असतं? 'दुरुस्तीनं काहीच फरक पडला नाही, म्हणजे लूप आधीच बरोबर होता' असं समजून चिन्ह पुन्हा होतं तसं केलं असतं! बरोबर केलेली गोष्ट स्वतःच्या हातानं चुकीची केली असती. कारण मी फक्त शेवटचं उत्तर बघत होते. ४९ डबे घेतले तरी उत्तर ६, ५० घेतले तरी ६. एका चुकीच्या आड दुसरी लपली होती.

दुसरी शोधायला 'वॉच' च्या चौकटीत मी स्वतः एक राशी लिहिली: एकूण / माणसं. लगेच दिसलं, ६. साधा, बिनदशांशाचा ६. खाली दुसरी लिहिली: फ्लोट कंसात टाकून एकूण, भागिले माणसं. दिसलं ६.५२ आणि पुढे आकडे. कळलं! दोन पूर्णांकांचा भागाकार सी भाषा पूर्णांकातच करते, दशांश तिथंच टाकून देते. नंतर ते फ्लोटमध्ये ठेवा नाहीतर कशातही ठेवा, टाकलेलं परत येत नाही. ६.०० मधली ती दोन शून्यं म्हणजे नुसती पावडर होती, चेहरा धुतलेला नव्हता.

तिसऱ्या ओळीत एकूणच्या आधी कंसात फ्लोट लिहिलं. उत्तर: ६.५३ लिटर. माणशी अर्ध्या लिटरच्या वर पाणी परत मिळालं. सगळ्या शहराचं मिळून दोन लाख दोन हजार लिटर.

रोज लागणाऱ्या चाव्या

एफ-५: सुरू करा किंवा पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत जाऊ द्या.
एफ-९: ब्रेकपॉइंट लावा किंवा काढा.
एफ-१०: एक ओळ पुढे. ओळीत फंक्शन असेल तर त्याच्या आत न शिरता.
एफ-११: फंक्शनच्या आत शिरा.
शिफ्ट-एफ-११: आत शिरलात, कंटाळलात, बाहेर या.
शिफ्ट-एफ-५: थांबवा.

लूप हजार वेळा फिरणारा असेल तर हजारदा एफ-५ दाबत बसू नका. लाल ठिपक्यावर राइट क्लिक करून 'एडिट ब्रेकपॉइंट' निवडा आणि अट लिहा, उदाहरणार्थ 'आय बरोबर ४९' (बरोबरची चिन्हं दोन, एक लिहिलंत तर तुलना न होता आय ची किंमतच बदलेल!). मग गाडी फक्त त्या फेरीला थांबते.

काही नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं. लाल ठिपका राखाडी, पोकळ झाला? 'वजा-जी' राहिलं, किंवा फाइल बदलून पुन्हा कंपाइल झालीच नाही. स्कॅनएफ आला आणि सगळं अडकल्यासारखं वाटतं? इनपुट 'टर्मिनल' च्या टॅबमध्ये द्यायचं असतं, 'डिबग कन्सोल' मध्ये नाही. पिवळी ओळ वेड्यासारखी वरखाली उड्या मारते? कंपायलरला ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिला असेल, डिबग करताना तो काढून टाका.

हाच प्रोग्रॅम टर्बोमध्ये

कुतूहल म्हणून दुरुस्त केलेला प्रोग्रॅम टर्बो सी++ च्या हिशोबानंही करून बघितला. तिथं पूर्णांक १६ बिटांचा. म्हणजे उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्यातच मावायचं. पंचवीस लाख त्यात मावत नाहीत, शिल्लक राहतात ९,६३२. आणि ३ लाख ८३ हजार माणसांचे होतात उणे १०,२१६! भागाकार करा: माणशी उणे ०.९४ लिटर. म्हणजे लातूरकरांनी स्वतःच्या घरून एकेक तांब्या आणून रेल्वेत ओतायचा!

आपण हसतो, पण ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं, ते याच जातीच्या चुकीनं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली आणि मावली नाही. तो कोड आधीच्या एरियन-४ मध्ये व्यवस्थित चालत होता. 'चालतोय की' हे वाक्य किती धोक्याचं आहे बघा.

शेवटी

प्रिंटएफ वाईट नाही. मीही अजून वापरते. पण प्रिंटएफ म्हणजे जिथं शंका आहे तिथंच प्रश्न विचारणं. जिथं शंकाच आली नाही तिथलं तो काही सांगत नाही. माझ्या लूपवर मला शंका कधी आलीच नव्हती. डिबगर सगळी भांडी उघडून समोर ठेवतो, मग नको असलेलंही दिसतं.

लातूरला क्लासमध्ये असताना टेस्ट झाली की मार्कांपेक्षा चुकलेल्या प्रश्नाची कुठली पायरी चुकली ते आधी शोधायला लावायचे. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, तेही डिबगिंगच होतं. पेपरात उत्तर बरोबर आणि पायरी चूक असेल तर ते उत्तर नशिबानं आलेलं असतं.

एक योगायोग सांगते. व्हीएस कोडची १.० आवृत्ती आली १४ एप्रिल २०१६ ला. म्हणजे पहिली जलदूत लातूरला पोचली त्याच आठवड्यात. आम्ही तेव्हा बादल्या घेऊन रांगेत होतो.

दुरुस्त स्लाइड सरांना दाखवली. त्यांनी पुन्हा खडू घेतला, गुणाकार केला, मान हलवली आणि एवढंच म्हणाले, "आता पोचलं पाणी."

रात्री आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, सहा नाही गं, साडेसहा लिटर येत होतं माणशी."

आजी म्हणाली, "आणि हे वरचं अर्धं कुठनं काढलंस बाई?"

"हिशोबात सांडलं होतं गं. शोधून काढलं."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. "मी तर रोज रेघा मोजायची."

तर चला, आज रात्री एफ-९ दाबा आणि आपल्या एखाद्या 'चालणाऱ्या' प्रोग्रॅमच्या मध्यावर एक लाल ठिपका लावून बघा. बघा, तुमचं काय काय सांडलंय ते!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी